कै. सावित्रीबाई खानोलकर यांचे पुण्यस्मरण

स्मरणिकेत आपण दरवर्षी आपल्या ज्ञातीतील कर्तबगार स्त्री-पुरुषांची चरित्रे देतो. यंदा ज्या थोर स्त्रीचे चरित्र मी वाचकांपुढे ठेवीत आहे, त्या आपल्या ज्ञातीत जन्मल्या नव्हत्या; किंबहुना या देशातही जन्मल्या नव्हत्या. तरीही ते आपल्या घरोघरी वाचले जावे, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे.

सावित्रीबाईंचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. माहेरचे नाव ईव्ह. वडील हंगेरियन, आई रशियन. वडील जिनिव्हा येथे समाजशास्त्राचे प्राध्यापक असल्यामुळे त्या विद्येच्या वातावरणात वाढल्या. १९२९ साली इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या सैनिकी विद्यालयात शिकणारे विक्रम खानोलकर हे महाराष्ट्रीय तरुण सुटीत स्वित्झर्लंडला गेले असता उभयतांचा परिचय झाला. मुलीचे कोवळे वय पाहून वडिलांचे मन सहजी तयार होईना. परंतु तिचा निश्चय ढळला नाही. ती हिंदुस्थानात आली आणि १९३२ साली लखनौ येथे त्यांचा विवाह झाला. ईव्हची सावित्री झाली.

लष्करी अधिकाऱ्याचा संसार म्हणजे आज या छावणीत, तर उद्या त्या छावणीत. असा संसार सांभाळून व दोन कन्यांचे संगोपन करून सावित्रीबाईंनी मराठी, हिंदी व संस्कृत या भाषा आत्मसात केल्या. वेद, उपनिषदे व पुराणे यांचे अध्ययन केले. पुढे महाराष्ट्रातील संतांची ओळख करून देणारा इंग्रजी ग्रंथही त्यांनी लिहिला. आपल्याला जे जन्मतःच लाभले व म्हणूनच ज्याची आपण फारशी पर्वा केली नाही, ते त्यांनी परिश्रमपूर्वक मिळविले.

या अध्ययनाचे चीज स्वातंत्र्यानंतर झाले. स्वतंत्र भारताच्या सैन्यासाठी नवी शौर्यपदके घडवावयाची होती. ते काम मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे होते. त्यांनी ते सावित्रीबाईंवर सोपविले. सर्वोच्च पदकासाठी त्यांना दधीची ऋषींची कथा आठवली. वृत्रासुराच्या नाशासाठी या ऋषींनी स्वतःचा देह अर्पण केला आणि त्यांच्या अस्थींपासून इंद्राचे वज्र निर्माण झाले. ब्राँझच्या वाटोळ्या पदकावर मध्यभागी राजमुद्रा, तिच्याभोवती चार वज्रे आणि वर जांभळी फीत, असे परमवीरचक्र त्यांनी रेखाटले. ही कथा वर्गात मी अनेक वर्षे सांगितली. पण सैनिकाच्या आत्मार्पणाशी तिचे इतके जवळचे नाते आहे, हे मला या पदकाने शिकविले.

२६ जानेवारी १९५० रोजी हे पदक स्थापन झाले. त्याचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा हे सावित्रीबाईंच्या थोरल्या कन्येचे दीर होत. हात प्लॅस्टरमध्ये असतानाही ते आघाडीवर गेले आणि ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे त्यांना वीरमरण आले. पदक रेखाटणाऱ्या मातेच्या आप्तांच्याच घरी पहिले पदक जावे, तेही मरणोत्तर, हा दैवयोग मन हेलावून टाकणारा आहे. आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना हा सन्मान मरणोत्तरच लाभला आहे.

फाळणीनंतरच्या निर्वासितांची व सैनिकांच्या कुटुंबांची सेवा सावित्रीबाईंनी निष्ठेने केली. १९५२ साली मेजर जनरल विक्रम खानोलकर निवर्तले. त्यानंतर त्यांनी रामकृष्ण मठाच्या आश्रयाने अध्यात्मात मन रमविले. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

आता एक मनातील गोष्ट. प्रस्तुत लेखकाच्या घरी परप्रांतीय सून आली, तेव्हा मंडळाच्या कुटुंबसूचीत तिचे नाव घालण्यास मी दोन वर्षे टाळाटाळ केली. तिने माझ्या आजारपणात रात्री जागविल्या, नातवाला शुभंकरोती शिकविली. सूचीतील जागा मात्र रिकामीच राहिली. सावित्रीबाईंचे चरित्र वाचल्यावर मला माझी लाज वाटली. यंदाच्या सूचीत ते नाव आहे. घराणे जन्माने मिळते, पण ते आपलेसे होते ते आचरणाने व कष्टाने. बाहेरून येऊन आपली घरे उजळणाऱ्या सर्व सुनांना हे पुण्यस्मरण सादर अर्पण करतो.