झोपेशी झुंजलेला वैमानिक

१५ जुलै १९३३ रोजी न्यूयॉर्कहून वायली पोस्ट एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा वादळ आणि इंजिन यांच्याइतकीच चिंता त्यांना झोपेची होती.

पोस्ट यांचा जन्म १८९८ मध्ये टेक्सासमधील शेतकरी कुटुंबात झाला. १९२६ मध्ये तेलविहिरीवर काम करताना झालेल्या अपघातात त्यांचा डावा डोळा गेला. भरपाईपोटी मिळालेल्या १,८०० डॉलरमधून त्यांनी पहिले विमान घेतले. एका डोळ्याने अंतराचा अंदाज बांधायला ते नेटाने सराव करून शिकले.

१९३१ मध्ये मार्गदर्शक हॅरल्ड गॅटी यांना सोबत घेऊन त्यांनी ८ दिवस १५ तास ५१ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारली. इतक्या वेगाने देश ओलांडताना भूक आणि झोपेच्या वेळा कोलमडतात, हे त्यांनी आधीच ओळखले होते. म्हणून उड्डाणापूर्वी त्यांनी झोपेची ठरावीक वेळच मोडून टाकली. शरीराला कोणत्याच घड्याळाची सवय नको, असा त्यांचा हिशेब होता.

आजार त्यांनी अचूक ओळखला, पण उपाय अपुरा होता. मेंदूतले जैविक घड्याळ सरावाने बंद पडत नाही. नव्या ठिकाणच्या दिवस-रात्रीशी ते रोज साधारण तासाभरानेच जुळत जाते. पूर्वेकडे जाताना तर हे जुळवून घेणे अधिक कठीण असते आणि पोस्ट पूर्वेकडेच निघाले होते.

दुसऱ्या फेरीत गॅटी यांच्या जागी ऑटोपायलट होता. तो वाटेत वारंवार बिघडला. बर्लिननंतर नकाशे विसरल्याचे लक्षात आल्याने पोस्ट यांना कोनिग्सबर्गला उतरावे लागले. डुलकी लागू नये म्हणून ते बोटाला दोरीने पाना बांधून तो हातात धरत. डोळा लागला की पाना निसटे आणि हिसक्याने जाग येई. अलास्कात ते रस्ता चुकले आणि फ्लॅट या गावी उतरताना विमान कलंडून पंखा वाकला. विमानाची दुरुस्ती होईपर्यंत त्यांनी झोप घेतली. अखेर ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत ते न्यूयॉर्कला परतले. त्यातले सुमारे ११५ तास ते हवेत होते. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले वैमानिक ठरले.

त्यांच्या पान्यामागे एक साधे सत्य होते. झोपेची थकबाकी वाढली की मेंदू काही सेकंद परस्पर झोपी जातो आणि अनेकदा माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. पहाटे २ ते ६ या वेळेत ही शक्यता सर्वाधिक असते. तिथे इच्छाशक्तीचे फारसे चालत नाही.

पुढे पोस्ट यांनी अतिउंचावरील उड्डाणासाठी दाबयुक्त पोशाखही घडवून घेतला. १५ ऑगस्ट १९३५ रोजी अलास्कात उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडून विमान कोसळले. त्यात पोस्ट आणि विनोदी लेखक-अभिनेते विल रॉजर्स यांचा मृत्यू झाला. पोस्ट तेव्हा अवघे ३६ वर्षांचे होते.

१९३४ मध्ये अमेरिकेत विमान कंपन्यांच्या वैमानिकांसाठी महिन्याला ८५ तास उड्डाणाची मर्यादा ठरली. ती फक्त तास मोजत होती. ड्युटी दिवसाच्या कोणत्या वेळी सुरू होते, त्यानुसार कामाचे तास कमी-जास्त करणारे नियम तिथे २०१४ मध्ये लागू झाले. भारतात वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती जुलै २०२५ पासून ३६ तासांवरून ४८ तास झाली. असे नियम आले की वेळापत्रक आणि खर्चाचे गणित पुढे येते. पोस्ट यांनी पणाला लावला तो केवळ स्वतःचा जीव. प्रवासी विमानात वैमानिकाच्या पाठीमागे शेकडो माणसे निर्धास्त झोपलेली असतात.