मध्यरात्रीचा दमा आणि एका मिनिटाचे घड्याळ

मध्यरात्र उलटून एक-दोनचा सुमार झाला, की सर जॉन फ्लॉयर यांची छाती झोपेतच आवळल्यासारखी होई. ते उठून बसत आणि पुढचे काही तास नुसता श्वास ओढण्यात जात. इंग्लंडच्या मध्यभागातल्या लिचफिल्ड गावी ते डॉक्टरकी करत. वयात येण्याच्या सुमारास जडलेला दमा पन्नाशी जवळ आली तरी सुटला नव्हता. गावातले लोक त्यांच्याकडे औषधाला येत, पण स्वतःच्या दम्यावर हमखास उतारा काही त्यांना सापडला नव्हता. दमा जात नाही तर निदान तो येतो कधी, कशाने येतो आणि किती टिकतो, हे तरी नीट पाहावे, असे त्यांनी ठरवले. आज दमेकरी मुलांसाठी मोबाइलवरचे ॲप तयार करणारे लोक नेमके याच प्रश्नांशी झटत असतात.

फ्लॉयर यांचा जन्म १६४९चा, लिचफिल्डजवळच्या हिंट्स या खेड्यातला. शिक्षण ऑक्सफर्डला झाले, १६८० साली त्यांना वैद्यकातली सर्वोच्च पदवी मिळाली आणि पुढे ‘सर’ हा किताबही. ऑक्सफर्डमधली एक गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली. तिथल्या सुमारे १२ वर्षांच्या मुक्कामात त्यांना दम्याने गाठले नाही, पण गावाकडे, स्टॅफर्डशायरला, जाऊन आले की झटका ठरलेला. माणूस तोच असताना जागा बदलली की दमा बदलतो, हे त्यांनी स्वतःच्या शरीरावरून ताडले. आजही मुलाला सुट्टीत आजोळी बरे वाटते आणि घरी आल्यावर खोकला सुरू होतो, असे आईने सांगितले की डॉक्टर कान टवकारतात. आता ॲलर्जी हा शब्द हाताशी आहे. फ्लॉयर यांच्याकडे तो नव्हता, फक्त निरीक्षण होते.

दम्यावरचा त्यांचा ग्रंथ १६९८ साली निघाला. त्या काळी कसलीही धाप लागली तरी त्याला दमाच म्हणत, मग ती हृदयाच्या दुखण्याने असो की फुप्फुसात पाणी झाल्याने. फ्लॉयर यांनी सतत राहणारी धाप आणि मधूनमधून येणारे झटके यांत फरक केला. झटक्यात श्वासनळ्या आवळल्या जातात आणि त्यातून तो शिट्टीसारखा आवाज येतो, असे त्यांनी मांडले. हवामान, धूळ, तंबाखूचा धूर, खाणेपिणे, श्रम, मनाची खळबळ अशी झटक्याची निमित्ते नोंदवली. दम भरलेल्या एका घोडीचे शवविच्छेदन करून तिची फुगून राहिलेली फुप्फुसेही पाहिली. ग्रंथातले बरेच उपचार आज बाद झाले आहेत. निमित्तांची यादी मात्र जवळजवळ जशीच्या तशी आजच्या दम्याच्या माहितीपत्रकात छापता येईल.

पन्नाशीचा डॉक्टर स्वतःचा दमा असा शब्दांत पकडू शकतो. सहा वर्षांच्या मुलाचे काय? दम लागतोय असे ते म्हणत नाही. खेळता खेळता मध्येच बसते, पळापळीच्या खेळात राज्य घ्यायला नको म्हणते, रात्री खोकते आणि सकाळी त्यातले काही त्याला आठवत नाही. म्हणून ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी जी सात प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते, तिच्यात पहिले चार प्रश्न मुलाला विचारतात आणि उत्तरासाठी हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची चित्रे दाखवतात. आज दमा कसा आहे, पळताना-खेळताना त्रास होतो का, खोकला येतो का, रात्री जाग येते का, एवढेच. उरलेले तीन प्रश्न आईवडिलांना, गेल्या चार आठवड्यांतल्या त्रासाबद्दल. एकूण गुण २७. १९ किंवा त्याहून कमी पडले तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना गाठायचे. चांगल्या ॲपचा गाभा याहून फार निराळा नसतो. रात्रीची जाग, खेळ, पंप किती वेळा ओढावा लागला आणि त्या दिवशी आसपास काय होते, हे विचारले की काम भागते. त्यात तीस रकाने भरले की मूल दुसऱ्या आठवड्यात कंटाळते आणि आई तिसऱ्या.

ग्रंथानंतर फ्लॉयर नाडीकडे वळले. त्या काळचे वैद्य नाडी जलद आहे, मंद आहे, भरलेली आहे असे बोटांनी ठरवत, मोजत क्वचितच. फ्लॉयर यांना आकडा हवा होता. साध्या घड्याळांवर तेव्हा सेकंदाचा काटा नसे. मग त्यांनी सॅम्युअल वॉटसन या घड्याळजीकडून बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ बनवून घेतले. त्याला सेकंदाचा काटा होता आणि काटा थांबवायला एक कळ. त्यावरचे त्यांचे पुस्तक १७०७ साली आले. निरनिराळ्या वयांत, हवेत, जेवणाच्या आधी आणि नंतर नाडीचे ठोके किती पडतात, याची कोष्टकेच त्यांनी मांडली. आपले घड्याळ जहाजावरच्या वाळूच्या मिनिट-घड्याळापेक्षा पाच-सहा सेकंद आधी संपते, हेही त्यांनी ताडून पाहिले आणि तेवढे ठोके हिशेबात वाढवून धरले. स्वतः बनवून घेतलेल्या यंत्राची खोट अशी उघड सांगणे सोपे नसते.

दम्याच्या मुलांच्या हाती आज जे यंत्र असते, ते श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारे पीक फ्लो मीटर. ते १९५९ साली बॅसिल मार्टिन राइट यांनी पुढे आणले. पुढच्या काही दशकांत ते प्लास्टिकच्या नळीएवढे लहान झाले. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला त्यात नीट फुंकता येत नाही. मोठ्या मुलाची तुलना शक्यतो त्याच्याच चांगल्या दिवसांतल्या सर्वोत्तम आकड्याशी करतात. त्याच्या ८० टक्के किंवा वर फुंक असेल तर हिरवा पट्टा, ५० ते ८०च्या मध्ये पिवळा, ५०च्या खाली लाल, म्हणजे ताबडतोब औषध आणि डॉक्टर. शेजारच्या मुलाचा आकडा इथे कामाचा नाही. घड्याळातली खोट फ्लॉयर यांनी पकडली, पण इथे खोट बऱ्याचदा वहीत असते. मीटरच्या आतच गुपचूप नोंद ठेवणारी यंत्रे आली, तेव्हा मुलांनी कागदावर भरलेले कितीतरी आकडे मुळात फुंकलेलेच नव्हते असे आढळले. डॉक्टरकडे जायच्या आदल्या संध्याकाळी महिन्याची वही एका बैठकीत भरणारे मूल वाईट नसते, त्याला रागावणाऱ्या मोठ्यांची धास्ती असते. म्हणून ॲपमध्ये ‘आज राहिले’ असे सांगायची सोय हवी आणि ते सांगितल्याबद्दल बोलणी बसायला नकोत.

आकडा हाती आला म्हणजे त्याचा अर्थ कळतोच असे नाही, हेही फ्लॉयर यांच्याच चरित्रात दिसते. नाडी जलद असेल तर थंड पदार्थ आणि औषधे, मंद असेल तर उष्ण, अशी त्यांची चिकित्सा होती. चिनी नाडीपरीक्षेचाही त्यांनी अभ्यास केला. मोजणी नवी होती, पण तिच्यावर चढवलेला अर्थ जुनाच, शीत-उष्णाचा. थंड पाण्याच्या स्नानावर त्यांचा अतोनात विश्वास. मुलांमध्ये मुडदूस वाढला आणि त्याच सुमारास बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला पाण्यात बुडवण्याची चाल मोडली, एवढ्यावरून त्यांनी दोन्हींची गाठ मारली. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही, हे आज शाळेतही शिकवतात. तरी मुलाच्या फोनवरचा आलेख पाहून घरातले दही, केळे किंवा भात एकेक करून बंद करणारे पालक काही कमी नसतात. पंप मात्र सवय लागेल म्हणून कपाटात जातो. खरे तर धोका पंप टाळण्यात असतो.

लिचफिल्डमध्ये मायकल जॉन्सन नावाचे एक पुस्तकविक्रेते होते. फ्लॉयर यांचे औषधांवरचे एक पुस्तक १६८७ साली त्यांनीच काढले होते. त्यांच्या घरी १७०९ साली मुलगा झाला, त्याचे नाव सॅम्युअल. तान्हेपणीच त्याला गंडमाळ झाली. राजाने हात लावला की हा आजार बरा होतो, अशी तेव्हा समजूत होती. मिनिट मोजणाऱ्या फ्लॉयर यांनीही मुलाच्या आईला तोच सल्ला दिला. अडीच वर्षांच्या सॅम्युअलला घेऊन ती १७१२ साली लंडनला गेली. राणी ॲनने त्याला स्पर्श केला, गळ्यात घालायला सोन्याचे नाणे दिले. गंडमाळ काही त्याने हटली नाही. तिचे व्रण आयुष्यभर चेहऱ्यावर राहिले आणि नाणे गळ्यात राहिले.

फ्लॉयर १ फेब्रुवारी १७३४ रोजी वारले. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. दमा घेऊन एवढे जगले. त्याआधी दहा वर्षे त्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या प्रकृतीवरही एक पुस्तक लिहिले होते.

सॅम्युअल जॉन्सन पुढे इंग्रजीचे मोठे कोशकार झाले. १७८४च्या उन्हाळ्यात, वयाच्या ७४व्या वर्षी, धापेने आणि अंगावरच्या सुजेने त्रासलेले ते लिचफिल्डला आले आणि तिथल्या कॅथीड्रलच्या ग्रंथालयातून त्यांनी फ्लॉयर यांचा दम्यावरचा ग्रंथ मागून घेतला. लंडनच्या आपल्या डॉक्टरांना पत्रातून कळवले, की पुस्तकाची मांडणी विस्कळीत असल्याने ते नीट उलगडत नाही आणि त्या गृहस्थांचा दमा आपल्यापेक्षा निराळा दिसतो, तरी काही शिकायला मिळेल. त्याच जुलैत त्यांनी आजाराची एक रोजनिशी सुरू केली होती, लॅटिनमध्ये. रात्र कशी गेली, श्वास कसा होता, कोणते औषध किती घेतले, हे ते तिच्यात लिहीत. ती नोव्हेंबरपर्यंत चालली. १३ डिसेंबरला जॉन्सन गेले.