बीजरक्षक वाव्हिलोव

निकोलाय वाव्हिलोव यांचा जन्म १८८७ साली रशियातील मॉस्को शहरी झाला. उपासमार नाहीशी करावी, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी नाना तऱ्हेचे बियाणे जपून ठेवणे अवश्य होते. परंतु रानोमाळ वनस्पती असंख्य. त्यांतील कोणत्यांचे बी आधी गोळा करावे? वाव्हिलोव यांनी ताडले की, ज्या प्रदेशात एखाद्या पिकाचे वाण सर्वाधिक, तेच बहुधा त्याचे माहेर. तेथे त्याचे रानटी भाऊबंदही आढळतात. कोणी निगा न राखता ते थंडी, अवर्षण व रोग सोसून जगतात. त्यांचा काटकपणा संकराने पिकात आणता येतो. म्हणून अशा प्रदेशांतील बियाण्यास त्यांनी अग्रक्रम दिला. अफगाणिस्तान, इथिओपिया, मेक्सिको येथे हिंडून आणलेले बियाणे त्यांनी लेनिनग्राड, म्हणजे आजचे सेंट पीटर्सबर्ग, येथील संस्थेत साठविले.

१९४० साली खोट्या आरोपांवरून त्यांना कैद झाली. १९४१ साली शत्रूने लेनिनग्राडला वेढा घातला. त्या वेढ्यात वाव्हिलोव यांचे कित्येक सहकारी भुकेने मरण पावले. परंतु जवळच्या बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. १९४३ साली वाव्हिलोवही सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने वारले. भुकेशी झगडणाऱ्याचा भुकेनेच अंत झाला. त्यांचा बीजसंग्रह मात्र टिकून राहिला.