पाणवठ्याचा ठराव मांडणारे रावबहादूर बोले

मुंबईस गेल्यावर प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाचे दर्शन घेतल्याशिवाय आपल्यापैकी सहसा कोणी परतत नाही. त्या देवळापाशी जो रस्ता आहे, त्याचे नाव एस. के. बोले मार्ग. नाव पुष्कळांनी पाटीवर वाचलेले असते. पण हे बोले कोण, असे विचारले तर दहांत एकीलाही सांगता येत नाही. सार्वजनिक विहीर, शाळा, दवाखाना या ठिकाणी जाण्याचा सर्वांना सारखा हक्क आहे, हे सरकारकडून वदवून घेण्यासाठी या गृहस्थांनी फार खटपट केली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तरी आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत त्यांची हकीकत साध्या शब्दांत सांगावी, असे मनात आले.

त्यांचे पूर्ण नाव सीताराम केशव बोले. जन्म भंडारी समाजात झाला. मुंबईत राहून आपल्या समाजाच्या सुधारणेचे काम तर त्यांनी केलेच. पण गिरणीत राबणाऱ्या मजुरांचे हाल पाहून १९०९ साली कामगार हितवर्धक सभा स्थापन करण्यातही पुढाकार घेतला. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. पदवी मिळाली की माणसे सरकारची मर्जी राखून वागतात, असे आपण पाहतो. बोले यांनी मात्र सरकारला प्रश्न विचारण्याचे सोडले नाही.

त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो तो आणखी एका प्रसंगात. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या घरातल्या मुलाने हे यश मिळवावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. त्यांच्या अभिनंदनासाठी मुंबईत सभा भरली, तिचे अध्यक्ष बोले होते. त्याच सभेत कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्या मुलाला भेट दिले. तोच मुलगा पुढे आपल्या राज्यघटनेचा शिल्पकार झाला.

त्या काळची पाण्याची स्थिती आजच्या सुनांना सांगितली तर खरी वाटणार नाही. माझी आजी सांगे, तिच्या माहेरच्या गावी विहिरीपासून दूर काही बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असत. विहिरीला हात लावण्याची त्यांना मनाई. कोणाला दया आली तर ती वरून पाणी ओती. नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभे राहावयाचे. घरी तान्ही मुले तहानलेली. ज्या पैशांतून सार्वजनिक विहिरी बांधल्या जात, तो पैसा साऱ्या रयतेचा. पण पाणी मात्र काहींचेच!

१९१९ च्या कायद्याने प्रांतांत नवी कौन्सिले आली. शिक्षण, आरोग्य, नगरपालिका ही खाती लोकांतून आलेल्या मंत्र्यांकडे गेली. बोले मुंबई कौन्सिलचे सभासद होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी तेथे ठराव मांडला. त्याचा आशय असा, की सरकारी पैशांतून बांधलेले किंवा चालवलेले, तसेच सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातले सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायकचेऱ्या, कार्यालये व दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. कौन्सिलने तो मंजूर केला.

परंतु कौन्सिलचा ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला सरकारने हुकूम काढला, त्यातच मेख होती. जी ठिकाणे खुद्द सरकारची, तेथे अंमल करावयाचा. नगरपालिका व लोकलबोर्डांना मात्र कलेक्टरांनी नुसता सल्ला द्यावयाचा. गावोगावच्या पुष्कळशा विहिरी आणि तळी तर याच संस्थांच्या ताब्यात! सल्ला ऐकला काय, न ऐकला काय, विचारणारे कोणी नव्हते. कुलाबा जिल्ह्यातल्या महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, पण त्या तळ्यावर अस्पृश्याची घागर काही बुडाली नाही.

येथेच बोले यांचे खरे मोठेपण आहे. एक ठराव मंजूर झाला, वर्तमानपत्रांत नाव आले, एवढ्यावर त्यांना समाधान मानता आले असते. त्यांनी आपल्या ठरावाचे पुढे काय झाले याचा माग ठेवला. तीन वर्षांनी, ५ ऑगस्ट १९२६ रोजी, ते पुन्हा कौन्सिलात उभे राहिले. ज्या नगरपालिका आणि बोर्डे १९२३ चा ठराव अमलात आणीत नाहीत, त्यांना सरकारी अनुदान देऊ नये, अशी त्यांची मागणी होती आणि ती कौन्सिलने उचलून धरली. घरात मुलाला दहा वेळा सांगून तो ऐकेना, तर आई खाऊचे पैसे बंद करते, त्यातलाच हा प्रकार!

तरीही वाट सोपी नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडला हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यांच्या हातात बोले यांच्या ठरावाचा आधार होता. पाणी पिऊन परतणाऱ्यांवर हल्ले झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला. तळे खाजगी आहे असे म्हणून काही मंडळी डिसेंबरात कोर्टात गेली. अखेर मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. पहिल्या ठरावापासून यास साडेतेरा वर्षे लागली.

आपल्या नाशिकलाही हा झगडा जवळून ठाऊक आहे. बोले यांच्या ठरावात देवळांचा उल्लेख नव्हता. तेव्हा देवाच्या दारासाठी निराळी लढाई करावी लागली. २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो १९३५ पर्यंत चालला. आपल्या जिल्ह्यातले दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. बायकाही त्यात उतरल्या होत्या, हे आपण विसरू नये.

बोले यांना दीर्घायुष्य लाभले. १९६१ साली ते वारले. त्याआधी १९५० मध्ये राज्यघटना अमलात आली, ती त्यांच्या हयातीत. तिच्या पंधराव्या कलमात सरकारी पैशांतून चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांचा वापर कोणासही नाकारता येणार नाही असे लिहिले आहे. १९२३ च्या ठरावातली गोष्टच तेथे साऱ्या देशासाठी आली. जी शिफारस होती, तिचा हक्क झाला.

आता आपल्यापुरते. आपल्या मंडळाच्या वहीत दरवर्षी किती ठराव लिहिले जातात! नळाला पाणी कमी दाबाने येते, गल्लीतला दिवा बंद आहे, दवाखान्यात औषधे मिळत नाहीत. अर्ज जातो, पोच मिळते, आणि आपण दुसऱ्या कामाला लागतो. बोले यांच्या चरित्रातून मी घेतले ते एवढेच, की ठराव मंजूर होणे म्हणजे साखरपुडा. लग्न अजून व्हावयाचे असते. आज तर आपल्या हाती त्यांच्यापेक्षा चांगले साधन आहे. महाराष्ट्रात २००२ साली आणि साऱ्या देशासाठी २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. दहा रुपये भरून साध्या कागदावर कोणीही बाई सरकारी कचेरीला विचारू शकते, की अमुक हुकमाचे काय झाले, पैसा कोठे खर्च झाला. आणि तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

सर्वांची घागर एकाच पाणवठ्यावर भरावी, यासाठी ज्याने तीन वर्षांनी पुन्हा उठून तोच प्रश्न विचारला, त्या माणसाला मंडळातर्फे माझे वंदन. गेल्या वर्षीच्या वहीतला कोणता ठराव अजून कागदावरच आहे, तेवढे पुढच्या सभेत प्रथम वाचावे, अशी माझी सूचना आहे.