घुबडांचा छायाचित्रकार

एरिक हॉस्किंग (१९०९–१९९१) या इंग्रज छायाचित्रकाराचे आयुष्य पक्ष्यांच्या घरट्यांपाशी गेले. १९३७ च्या मे महिन्यात वेल्समध्ये, ‘टॉनी’ जातीच्या घुबडाची छायाचित्रे घेण्यासाठी ते रात्री आपल्या उंच आडोशाकडे चढत असता घुबडाने झडप घातली. नख डाव्या डोळ्यात रुतले. तो डोळा कायमचा गेला. घुबडाच्या पिसांची कड झालरीसारखी मऊ असते, म्हणून त्याचे येणे ऐकूच येत नाही. घरट्याची राखण करणाऱ्या पाखराला दोष तो काय द्यावा, असे आम्हांस वाटते. हॉस्किंग यांनीही वैर धरले नाही. एकाच डोळ्याने त्यांनी १९४८ मध्ये टिपलेले गव्हाणी घुबड विशेष गाजले : पंख उभारलेले, चोचीत रानउंदीर.