इलेर द शार्दोने

काउंट लुई-मारी इलेर बेर्निगो द शार्दोने (१ मे १८३९ – मार्च १९२४) हे फ्रेंच अभियंता, संशोधक आणि उद्योजक होते. वनस्पतींतील सेल्युलोजपासून रेशमासारखा चकाकणारा धागा काढून त्याचे व्यापारी उत्पादन त्यांनी सर्वप्रथम सुरू केले. पुढे रेयॉन या नावाने ओळखल्या गेलेल्या तंतूंच्या उद्योगाचे ते जनक मानले जातात.

जीवन

शार्दोने यांचा जन्म पूर्व फ्रान्समधील बझांसाँ येथे एका सरदार घराण्यात झाला. पॅरिसच्या एकोल पोलितेक्निक या संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. लुई पाश्चर यांच्याकडेही त्यांनी विज्ञानाचे अध्ययन केले. त्या काळी पेब्रिन या रोगाने फ्रान्समधील रेशीमकिडे मोठ्या प्रमाणावर मरत होते व रेशीम उत्पादकांवर संकट कोसळले होते. पाश्चर यांनी किडा वाचविण्याचा मार्ग शोधला. शार्दोने यांनी किड्यावाचूनच रेशीम मिळविण्याचा ध्यास घेतला.

कृत्रिम रेशमाचा शोध

१८७८ च्या सुमारास त्यांनी या कामास प्रारंभ केला. छायाचित्रांच्या काचा तयार करताना सांडलेले कलोडियन पुसत असता त्याचे तार निघालेले त्यांना दिसले, अशी आख्यायिका सांगितली जाते. रेशीमकिडा तुतीचा पाला खाऊन तोंडातून द्रव तंतू सोडतो. तीच क्रिया यंत्राने साधावी, अशी त्यांची मूळ कल्पना होती. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही तुलना सदोष होती, कारण खरे रेशीम हे प्रथिन आहे, तर वनस्पतीचा तंतू सेल्युलोजचा असतो. तथापि द्रवाला बारीक छिद्रातून दाबून धागा करण्याची युक्ती योग्य ठरली.

सेल्युलोजवर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया करून ते नायट्रोसेल्युलोज ईथर व अल्कोहोलमध्ये विरघळवीत. हा दाट द्रव काचेच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर काढला की द्रावक निघून जाऊन अखंड धागा उरे. १८८४ मध्ये त्यांनी या पद्धतीचे एकस्व घेतले.

या वाटेवर ते एकटे नव्हते. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज ऑदमार यांनी १८५५ मध्ये तुतीच्या सालीपासून असा धागा सुईच्या टोकाने ओढून काढला होता. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान यांनी विजेच्या दिव्यातील तारेसाठी नायट्रोसेल्युलोजचा तंतू बनविला. त्यांच्या पत्नीने त्याच तंतूच्या क्रोशाने विणलेल्या वस्तू १८८५ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ठेवल्या गेल्या. मात्र स्वान यांचे लक्ष दिव्यावर होते, त्यांनी वस्त्राकडे वळण्याचे मनावर घेतले नाही. कारखाना उभारण्याचे धाडस शार्दोने यांनीच केले.

ज्वलनशीलता व कारखाना

नायट्रोसेल्युलोज हे स्फोटक गनकॉटनच्या जातीचे द्रव्य असल्याने प्रारंभीचा धागा ठिणगी लागताच भडकत असे. असे वस्त्र कोणी अंगावर घालील हे संभवत नव्हते. धाग्यावर सल्फाइडच्या द्रावणाची प्रक्रिया करून त्यातील नायट्रोगट काढून टाकण्याचा उपाय योजल्यावर हा धोका दूर झाला. त्यात धाग्याचा चिवटपणा काहीसा घटला, विशेषतः ओला असताना. परंतु चकाकी कायम राहिली.

१८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात हे कृत्रिम रेशीम गाजले. १८९१ मध्ये बझांसाँ येथील कारखान्यातून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. धाग्यातील धोका गेला तरी कारखान्यातला गेला नव्हता, कारण ईथरची वाफ आणि नायट्रोसेल्युलोज ही दोन्ही कामगारांच्या अवतीभोवतीच असत. हा धागा प्रारंभी गोंडे, झालरी, वेण्या व शोभेच्या किनारींसाठी अधिक वापरला गेला.

१८९२ मध्ये इंग्लंडच्या क्रॉस, बेव्हन व बीडल यांनी व्हिस्कोज पद्धतीचे एकस्व घेतले. लाकडाच्या लगद्यावर चालणारी ही पद्धत स्वस्त पडे, आणि शार्दोने यांचे रेशीम हळूहळू बाजारातून मागे पडले. व्हिस्कोजही निर्दोष नव्हते. त्यासाठी लागणारा कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक असतो.

उत्तरकाळ व प्रभाव

१९१९ मध्ये शार्दोने फ्रान्सच्या विज्ञान अकादमीवर निवडून आले. पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, १९२४ मध्ये, अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी कृत्रिम रेशमासाठी रेयॉन हे नाव स्वीकारले.

आज त्यांच्या पद्धतीने वस्त्रांसाठी धागा काढला जात नाही, परंतु विद्रुत सेल्युलोज छिद्रांतून काढण्याचे तत्त्व टिकून आहे. महाराष्ट्रात कल्याणजवळ शहाड येथे व्हिस्कोज धाग्याचा मोठा कारखाना उभा राहिला. सुयांवरच्या व क्रोशाच्या विणकामासाठी बांबूचे म्हणून विकले जाणारे मऊ, चकाकते धागेही बहुतांशी व्हिस्कोजच असतात. शार्दोने यांच्या धाग्याप्रमाणे तेही भिजल्यावर दुबळे होतात. म्हणून त्यांचे विणलेले कपडे पिळून टांगण्याऐवजी सपाट पसरून वाळवतात.