जमिनीवर निजणारा सेनानी

२ शमुवेलाच्या अकराव्या अध्यायातील उरीया हित्ती आपणां सर्वांस परिचित आहे. सोबती रणांगणात उघड्यावर असताना घरच्या बिछान्यावर निजणे त्याला पटले नाही. तो राजवाड्याच्या दाराशीच निजला. तो जन्माने इस्राएली नव्हता. तरीही त्या रात्री तो दावीद राजाहून निष्ठावंत ठरला. आमच्या देशातही असा एक सेनानी होऊन गेला. त्यांचे नाव ब्रिगेडियर महंमद उस्मान.

त्यांचा जन्म १५ जुलै १९१२ रोजी आझमगड जिल्ह्यातील बीबीपूर गावी झाला. वडील पोलीस अधिकारी होते. उस्मान इंग्लंडातील सँडहर्स्ट येथे लष्करी शिक्षण घेऊन बलुच पलटणीत अधिकारी झाले आणि महायुद्धात ब्रह्मदेशात लढले. ते अविवाहित व निर्व्यसनी होते. पगारातील बरीच रक्कम ते गरीब मुलांच्या शिक्षणासाठी देत.

१९४७ साली फाळणी झाली व बलुच पलटण पाकिस्तानकडे गेली. मुसलमान अधिकारी तिकडेच जाणार, असे अनेकांनी गृहीत धरले होते. तिकडे त्यांना मोठ्या पदाची आशाही दाखविली गेली, असे सांगतात. उस्मान मात्र येथेच राहिले.

त्याच वर्षाच्या अखेरीस काश्मीरच्या आघाडीवर ५० व्या पॅराशूट ब्रिगेडची धुरा त्यांच्याकडे आली. विमानातून छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांची ही ब्रिगेड तेथे डोंगराळ मुलखात पायीच लढत होती. तीत मराठा पलटणही होती. डिसेंबरात झांगर हे ठाणे हातचे गेले. ते परत घेईपर्यंत खाटेवर निजणार नाही, असा उस्मान यांनी निर्धार केला. ऐन थंडीत ते जमिनीवर चटई टाकून निजत. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेरावर हजारोंचा हल्ला आला. तो त्यांनी परतवून लावला. शत्रूने त्यांच्या शिरावर पन्नास हजार रुपयांचे इनाम लावले. १८ मार्च रोजी झांगर परत मिळाले. ब्रिगेडमध्ये खाट नव्हती. ती गावातून मागून आणली, तेव्हा ते तीवर निजले.

३ जुलै १९४८ रोजी झांगर येथेच तोफेचा गोळा लागून ते पडले. छत्तिसावा वाढदिवस अवघ्या बारा दिवसांवर होता. दिल्लीत जामिया मिलियाजवळ त्यांचे दफन झाले. पंतप्रधान नेहरू स्वतः उपस्थित होते. मरणोत्तर महावीरचक्र देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

त्या वेळी आमचा आदिलाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले ते पुढे सप्टेंबरात. शेजारी शेजाऱ्याकडे धर्मावरून संशयाने पाहत होता, अशा त्या दिवसांत एका मुसलमान सेनानीने या देशासाठी प्राण दिला.

प्रिय वाचकहो, आपणही संख्येने थोडे आहोत. आपल्या देशनिष्ठेविषयी कोणी शंका घेतली तर आपल्याला दुःख होते. मग तीच शंका आपण आपल्या मुसलमान शेजाऱ्याविषयी मनात बाळगतो काय? प्रभूने शेजारी कोण हे शिकविताना, ज्याला लोक परका मानीत त्या शोमरोन्यालाच पुढे उभे केले. आपल्या मंडळीत देशासाठी प्रार्थना होते तेव्हा उस्मान यांच्यासारख्यांबद्दल देवाचे उपकार मानू या, आणि घरी परतताना वाटेतल्या शेजाऱ्याच्या दारी दोन शब्द बोलण्यास थांबू या.